आईच्या कबरीचा दगड आणि घरावरचा बोजा

बार्न्झ्ली, शुक्रवार

ती. एनिडताईस,

धाकट्या विल्फचा नमस्कार. तब्येत ठीक असावी. (खोकला कालपासून थांबलाय, एवढं छतातून कळतंच.) आईच्या मयतीनंतरच्या चहाला पावात घालायचं हॅम कमी पडलं त्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तू वर, मी खाली, बोलणं बंद. चूक माझीच गं. चाळीस माणसं धरली, आली सत्तर. निम्म्या गल्लीने आईच्या नावाने नुसता पाव आणि लोणी खाल्लं. ते मला इतकं लागलं की पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

कबरीवरचा संगमरवरी दगड मी साठवलेल्या पैशांतून घेतला, असं तुला वाटतं ना? तो क्रेडिट कार्डावर घेतला. (हॅमची भरपाई दगडाने करणारा मीच एक शहाणा!) चार हजार पौंडांचे व्याजाने नऊ हजार झाले, कार्डवाले कोर्टात गेले आणि कोर्टाने घरातल्या माझ्या अर्ध्या हिश्श्यावर बोजा चढवला. तूर्तास तात्पुरता. कायम झाला की ते घर विकायला लावू शकतात, आणि खालचं घर गेल्यावर तुझा मजला काही हवेत राहणार नाही.

हरकत घ्यायला अठ्ठावीस दिवस होते. त्यातले पंचवीस मी मसुद्यात घालवले. तक्रार करायची आपल्या घरात रीतच नाही. बाबांच्या पायावरून कोळशाची गाडी गेली तेव्हा त्यांनीच गाडीवानाची माफी मागितली होती. शेवटी कागद घेऊन चर्चच्या हॉलमध्ये गेलो. तिथे आपली शाळेतली डोरीन ऑल्ड्रॉइड बुधवारी फुकट सल्ला देते. तिने वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

“विल्फ, ही हरकत आहे की आभाराचं पत्र?”

“उगाच कुणाला त्रास नको म्हणून…”

“त्रास? अरे बाबा, शेवटी लिहिलंयस, ‘गैरसोय होत असेल तर राहू द्या, आमचं काही म्हणणं नाही’! मग न्यायाधीशबाई कशाला म्हणणं ऐकतील तुझं?”

मग तिनेच नवा अर्ज लिहिला: घर दोघांच्या नावावर, बहीण चौऱ्याहत्तर वर्षांची, तिला दुसरा आसरा नाही, कर्जाशी तिचा संबंध नाही, मी महिना चाळीस पौंड फेडीन. ताई, ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या दगडापायी तुझं छप्पर जाईल, आणि हे तुला सांगायला मधे फक्त तेरा पायऱ्या होत्या.

सुनावणी मंगळवारी सकाळी दहाला आहे. तू काळजी करू नकोस, मी निभावून नेईन.

तुझा,
विल्फ

ता. क. – नाही निभावणार. डोरीन म्हणते, सहमालकीण स्वतः उभी राहिली तर अर्जाला वजन येईल. तुझ्या नावाचं कोर्टाचं पाकीटही आलं होतं. ते मी भीतीने दडवलं, आता या पत्रासोबत तुझ्या दाराखालून सरकवतोय. माफ कर. बस नऊ पाचला आहे. येशील?

आणखी एक ता. क. – घरात दोघं कशी राहता, असं डोरीनने विचारलं. मी सांगितलं, “एकत्र, गुण्यागोविंदाने.” तिने तसंच लिहिलं आणि मी खाली ‘हे सर्व सत्य आहे’ म्हणून सही केली. खोटं निघालं तर तुरुंगसुद्धा होतो म्हणे. ते खरं करायला आपल्याकडे चार दिवस आहेत.