बारा शेळ्यांची एक पंगत

चि. सौ. छकुलीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. (दोन पोरांची आई झालीस तरी मला तुझं दुसरं नाव सुचत नाही.) तुझा खोकला गेला का, थोरलीचे पडलेले दात आले का, ते सविस्तर कळव. इकडे मी, तुझी मामी आणि शेडमधल्या बाराही शेळ्या खुशाल आहोत. शेळ्यांची खुशाली तर अगदी सारखी आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला आहे. बाईंची तीन वर्षं माझ्या हातून पाण्यात जायची वेळ आली होती.

बाई म्हणजे कोण, ते आधी सांगतो. पशुवैद्यक कॉलेजच्या शेडमध्ये मी सव्वीस वर्षं शेळ्यांना चारा घालतो, हे तुला ठाऊक आहेच. तिथे पीएच.डी.साठी या बाई आल्या. (वय तुझ्याहून कमी, पण हातात वही असली की मी बाईच म्हणतो.) त्यांचा विषय तुरटपणा. कच्चं केळं खाल्लं किंवा चहा फार उकळला की जीभ आवळल्यासारखी होते ना, ते टॅनिन. काही झाडांच्या पाल्यात ते भरपूर असतं. आता शेळीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे मोठा रांजण. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव चारा आंबवतात, त्याचा गॅस होतो आणि शेळी ढेकर देते. बेताने तुरट पाला दिला तर खाण्यातली प्रथिनं त्या जिवांच्या तावडीतून सुटतात, पुढे जाऊन शेळीच्या अंगी लागतात आणि ढेकरातला गॅसही कमी होतो. जास्त दिला तर मात्र चाराच नीट पचत नाही, असं बाईंचं म्हणणं. सव्वीस वर्षं मी ते ढेकर फुकट ऐकतो आहे, त्यावर कुणी डॉक्टर होईल असं कधी वाटलं नव्हतं.

तर सहा शेळ्यांना साधा खुराक आणि सहांना तुरट पाल्याची भुकटी घातलेला, असे चाळीस दिवस. मग एकेकीला काचेच्या खोलीत ठेवून गॅस मोजायचा. पहिला दिवस मी सगळं बरहुकूम केलं. पण छकुली, तुरट खाणाऱ्या सहाजणी घमेल्यात तोंड घालायच्या, वर काढायच्या आणि समोरच्या सहाजणींच्या घमेल्यांकडे बघत राहायच्या. आपल्या घरात पंक्तिप्रपंच कधी कुणी केला नाही. तुझी आई भांडायची सगळ्यांशी, पण वाढायची सगळ्यांना सारखं. माझ्याने राहवेना. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही पिंपांतला खुराक एकत्र कालवला आणि बाराजणींना सारखा वाढला. निम्मं साधं, निम्मं तुरट, कुणाची तक्रार नाही. मला वाटलं, पुण्य केलं.

मोजणीत बाराही शेळ्यांचे आकडे सारखे आले. बाईंनी यंत्र उघडलं, कारागीर दोनदा येऊन गेला, यंत्र निर्दोष निघालं. मग त्या स्वतःलाच दोष द्यायला लागल्या. परवा दुपारी पेंडीच्या पोत्यावर बसून रडत होत्या. सोमवारी सरांना ‘काही फरक पडत नाही’ असं लिहून देणार आणि सगळं सोडून घरी जाणार, म्हणाल्या. मी खराटा भिंतीला टेकवला आणि घडलं ते सांगून टाकलं. चोरी केल्यासारखी लाज वाटली, खरं सांगतो.

त्यांनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाल्या, “काका, शेळ्यांना असलं काही वाटत नाही हो.”

“तुम्ही त्यांचे ढेकर मोजता,” मी म्हणालो, “तोंडाकडे मी बघतो.”

त्यावर रडता रडता हसल्या बिचाऱ्या. सरांनी मला चांगलंच झापलं (बरोबरच आहे), आणि सोमवारपासून चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून, असं ठरलं. म्हणजे पदवी बुडाली नाही, नुसती लांबली. यापुढे या घमेल्यातली काडी त्या घमेल्यात जाऊ देणार नाही, असा मी शब्द दिला आहे. एवढंच कळवायचं होतं. पोरांना गोड पापा.

तुझा,
मामा

ता. क. आज सकाळी तालीम म्हणून तुरट घमेलं भरायला गेलो, तर हात आपोआप दुसऱ्या पिंपाकडे वळला. तसाच सरांकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या शब्दाचा भरवसा धरू नका, चाळीस दिवस रजा द्या. त्यांनी अर्ज न वाचताच सही केली. रिकामा माणूस दिवसभर घरात नको, असं तुझ्या मामीचं मत आहे. तेव्हा रविवारी संध्याकाळी मी तुझ्याकडे राहायला येतो आहे.

ता. क. २. डॉक्टरांनी जावईबापूंचं गोड बंद करून त्यांना उकडलेल्या भाज्यांवर ठेवलंय, असं मामीकडून कळलं. पथ्य नीट पाळायला सांग. माझा काही त्रास होणार नाही. फक्त आम्हा दोघांना समोरासमोर जेवायला बसवू नकोस.