वरची खोली

१४ नोव्हेंबर

चि. छोट्यास,
आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल. इथे थंडी पडू लागलीये, समुद्रावरची गर्दी पांगली, हॉटेलवाल्यांनी खुर्च्या आत घेतल्या. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. इतक्या वर्षांनी बाबांचं पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुला वाटेल. तसंच आहे.

घर विकलं. महिनाअखेर ताबा द्यायचाय. तुला विचारलं नाही. 'घराचं लॉज केलंत, आता त्यात माझं काय उरलं?' म्हणून तू निघून गेलास, त्यानंतर विचारायला मला तोंड नव्हतं.

आता कराचं त्रांगडं उभं राहिलंय. घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. इथल्या नियमाने आपण स्वतः राहत होतो तेवढ्या भागाला सूट मिळते, सुट्टीवर आलेल्यांना भाड्याने दिलेल्या भागाला नाही. करसल्लागार बाई घर बघून गेल्या. आमची खालची खोली आणि स्वयंपाकघर सुटलं, बाजूच्या खोल्या करात गेल्या. राहिली वरची, तुझी. सगळ्यांत मोठी तीच.

त्यांनी आईला विचारलं, "ही खोली कधी भाड्याने दिली होती का हो?"

आई म्हणाली, "हळू बोला. मुलगा झोपलाय."

बाईंनी तसं टिपून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "तो इथेच राहत होता, असं त्याच्या सहीने लिहून आणा. तेवढ्यावर निभेल." मी मान डोलावली.

आईचं तुला कळवलं नव्हतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग गॅस बंद करायला विसरायला लागली. आता कधीकधी मलाच विचारते, "पाहुणे, चहा घेणार का?" परवा आंघोळ घालताना आम्ही दोघंही पडलो. बराच वेळ तसेच ओल्या फरशीवर बसून होतो, मला उठवेना. तिची नीट देखभाल होईल अशी एक जागा पाहिलीये. घर त्यासाठीच विकलं. सगळा कर भरावा लागला, तर तिथे ती जेमतेम वर्षभर राहू शकेल. पुढे काय, या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही.

म्हणून तुझी सही मागायला बसलो होतो.

पण ती खोली मी दिली होती रे. याच हंगामात, एकच आठवडा. दिवसा आईपाशी बसायला कोणीतरी ठेवायचं होतं, त्याला पैसे हवे होते. पाठीवर पिशवी घेऊन भटकणारा एक तरुण आला, त्याला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई जिना चढून गेली. मी धापा टाकत पोहोचलो, तर ती त्याच्या उशाशी बसून केसांतून हात फिरवत होती. "किती झोपतोस? ऊठ आता." मी माफी मागायला लागलो, तर त्याने हातानेच मला थांबवलं.

"उठतो आई," म्हणाला. "पाचच मिनिटं."

आठवडाभर ती रोज वर गेली आणि तो रोज उठला. तेवढे दिवस ती पोटभर जेवली. मी दारात उभा राहून बघत होतो. शेवटी त्याच्याकडून भाडंही घेतलं.

तो गेल्यापासून ती रिकामी गादी चाचपून खाली येते. "कुठे गेला?" म्हणून विचारते. मी रोज नवी थाप मारतो. आता थापाही सुचत नाहीत.

बाईंना उद्या खरं सांगणार आहे, तू इथे राहत नव्हतास हे आणि खोली दिली होती हेही. सूट किती मिळते, किती जाते, ते त्या बघतील. तुझी सही नको.

ताबा द्यायच्या आधी एक रात्र येऊन त्या खोलीत झोप. सकाळी ती वर येईल. ओळखेलच असं नाही, पण उठवेल. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी खालीच थांबेन.

आईसाठी ये, एवढंच लिहिणार होतो. पण मीही फार थकलोय रे. माझ्यासाठीही ये.

तुझाच,
बाबा