माजी सासूबाईंबरोबर सान्तियागोला

४ मे, रबानाल

निघालो एकदाचे! आस्तोर्गापासून इथवर कासिल्दा फक्त दोनदा टेकली. वय पंच्याहत्तर. माझी सासू — म्हणजे होती. मी आन्सेल्मोला सोडलं, सासूनं मला सोडलं नाही. तिला सान्तियागोच्या यात्रेला पायीच जायचं होतं. आन्सेल्मो म्हणाला, "गाडीनं सोडतो." ती म्हणाली, "मी काय सामान आहे?" — आणि काठी घेऊन माझ्या दारात हजर!

पोचवणार मी तिला. पोचवणारच.

६ मे, एल आसेबो

वाटेतल्या लोखंडी क्रूसापाशी सगळे यात्रेकरू मनावरचं ओझं म्हणून घरून आणलेला दगड टाकतात. मीही टाकला. कासिल्दा रिकाम्या हातानं उभी. "जन्मभर ओझीच वाहिली गं. आता दगड कोण आणतंय!"

पुढे उतारावर घसरली. गुडघा टम्म सुजलाय.

७ मे

मुक्काम इथंच. आन्सेल्मोचा फोन — "आईला काही झालं तर याद राख!" मी म्हटलं, "राखते." ठेवून दिला.

१२ मे, ओ सेब्रेइरो

चढलो! धुक्यात हातभर पुढचं दिसत नव्हतं. घोडेवाला म्हणाला, "आजी, बसा वर." "तूच बस बाबा, दमलेला दिसतोस." वर पोचल्यावर पाल्याचं गरमागरम सूप, दोन वाडगे. मग देवळात बराच वेळ बसली.

"काय मागितलंत?"

"मागायला कोण आलंय? निरोप घ्यायला आले."

कसला निरोप? विचारलं, तर काठी घेऊन चालूच लागली.

१६ मे

गुडघ्याची सूज उतरली. आज तीच पुढे, मी मागे!

२० मे, आर्सुआ

दिवसभर पाऊस. बूट वाळत घालताना सहज बोलल्यासारखं बोलली — आन्सेल्मो राहतं घर विकतोय. तिच्यासाठी वृद्धाश्रमात खोली ठरलीय. सान्तियागोहून थेट तिकडे.

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय करू? भांडू नकोस हं, देल्फिना. चांगली हवेशीर खोली आहे."

मला विगोला नोकरी लागलीय, समुद्रासमोर घर घेतलंय, हे तिला वाटेत दहादा रंगवून सांगितलं होतं. ऐकून हसायची. एकटीनं राहायचं, कुणाचं ऐकायचं नाही — हेही तिलाच सांगत होते मी!

२२ मे, सान्तियागो

पोचलो!! कासिल्दानं कॅथेड्रलसमोरच्या चौकात बूट काढले आणि फरशीवर चक्क आडवी झाली. पोरासोरांसारखी हसत होती. मग आत जाऊन, सगळे यात्रेकरू मारतात तशी, संत याकोबाच्या मूर्तीला मागून मिठी मारली. सोडेचना. मागची रांग खोळंबली.

उद्या सकाळी आन्सेल्मो न्यायला येतोय.

२३ मे

आन्सेल्मोला रिकामी गाडी परत न्यायला लावली. विगोच्या आगगाडीत बसलोय — दोघी. ती म्हणतेय, "समुद्राकडची खोली माझी हं. आधीच सांगून ठेवते."