पांढऱ्या साड्या आणि हिरवा डबा

दवनीवाडा,
१३ मे २००९

आदरणीय बिसरामदाजींना उमरावचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे धडधाकट, फक्त माझ्या अब्रूचं काही विचारू नका.

नागपूरची एक कंपनी आपल्या मिलचा तांदूळ घ्यायला तयार आहे, पण हल्ली या लोकांना तांदळाआधी पर्यावरण लागतं. धुराड्यावर राख अडवणारं यंत्र हवं, वर ‘आम्हाला त्रास नाही’ अशा गावातल्या बायांच्या सह्या हव्यात. (भात खाणार ते, सह्या आणणार मी.) यंत्र महाग. म्हणून पत्र्याचा डबा करवून धुराड्याला बसवला, झकास हिरवा रंग दिला. आत काही नाही.

सह्यांचा समारंभ ठेवला बुद्ध पौर्णिमेला. विहारातून बाया पांढऱ्या साड्यांत येतील, फोटो छान निघेल, ही अक्कल माझीच. मिल बंद ठेवायला बजावलं होतं. पण आमचा भट्टीवाला केवलराम पाहुणे बघून हरखला आणि मिल कशी जोरात चालते ते दाखवायला त्याने भट्टीत भुसा ओतला. मी भाषणात ‘स्वच्छ हवा’पर्यंत आलो आणि वरून राख. बचत गटाच्या कुसुमबाई उठल्या. मला वाटलं, आता दगड येतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “सह्या देतो ना शेठ. पयले साड्या पांढऱ्या करून द्या.” दुसऱ्या दिवशी गाठोडं दारात.

साड्या धुऊन आमच्याच गच्चीवर वाळत घातल्या, तर संध्याकाळी पुन्हा काळे ठिपके. पुन्हा धुतल्या, पुन्हा तेच. मिल थांबवावी तर आवारात उन्हाळी धान पडलेलं. लोकसहभाग म्हणतात तो हाच, दाजी. ना मोर्चा, ना घोषणा, नुसतं गाठोडं. रोज सकाळी कुसुमबाई फाटकाशी येऊन ‘वाळल्या का’ विचारतात. मी चिडतो, पण खरं सांगायचं तर घाबरतो.

बाकी क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
उमराव

ता. क. गाठोडं उद्याच्या बसने पाठवतोय. तुमच्या गच्चीवर वाळवून द्या, आणि कृपा करून त्या दिवशी तुमचीही मिल बंद ठेवा.

आणखी ता. क. गाठोडं येणार नाही. आमच्या सौ. पुष्पाने पत्र वाचलं. म्हणाली, “लगन झाल्यापासून मी याच राखेखाली कपडे वाळवून राहिली. माह्यासाठी कायले नाई बसवलं यंत्र?” आत काहीतरी असलेलं यंत्र कुठे मिळतं, तेवढं कळवा. आणि हे पत्र ताईच्या हाती पडू देऊ नका.