नावाडी घरी येतो

ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला पार गेला.

इथे छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्हा मित्रांचा एक खेळ चालतो. कुणी गाणं सुचवायचं, कुणी खानावळ, कुणी फिरायची जागा. बाकीच्यांनी आठवड्याभरात ऐकून, खाऊन, बघून यायचं. मशीनवाल्या लंबूने सुचवलेलं तळं बघायला गेलो, पाय अजून बोलतायत.

माझी पाळी आली तेव्हा मी तो नावाड्याचा सिनेमा सुचवला. मला गोवर आला होता, तू एकटीच बघून आलीस आणि उशाशी बसून गाण्यांसकट सांगितलास, तोच. "शेवटी नावाडी घरी येतो, बघाच," असं छातीठोकपणे सांगितलं.

सोमवारी लंबू म्हणाला, "अरे, तो तर बुडतो की! तू पाहिलायस तरी का?" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

ताई, मी आजारी होतो म्हणून तू त्याला घरी आणलंस, हे कळलं. पण आता मी चाळिशीला आलो. दर पत्रात तू 'आई ठणठणीत आहे' असं लिहितेस. या वेळी जसं आहे तसं लिही.

मी सुरुवात करतो. खोकला गेलेला नाही.

तुझाच,
धाकटा