किटली माझी, झाकण तिचं

टक्-टक्-टक्, आणि मग एक दणदणीत खळ्ळ! आजीच्या किटलीचं झाकण वाफेनं असं वाजायचं. तो आवाज कानात असतानाच हे लिहायला घेतले आहे.

मी, धंद्याने पुस्तकबांधणीवाला, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हात कापतो पण मन कापत नाही अशा अवस्थेत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मालमत्तेची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला. मागची खिडकी अडकते. ती खालून ढकलावी. शिव्या देऊन उघडत नाही, मी देऊन पाहिल्या आहेत.

२. दाबयंत्र, सुया व सरसाचे भांडे जावईबापूंना. त्यांना बांधणी येत नाही, पण हत्यारांना तेल घालायची आठवण घरात त्यांनाच असते.

३. शाळेतली कवितांची पुस्तके, मीच नव्याने बांधलेली, नातीला. तिने ती पाठ करावीत, कारण आमच्या घरी कविता हेच घड्याळ होतं. आजी लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करून यायची. किटली खाली उतरवली की म्हणायची, "हं, म्हण रे." चहात पुदिना मुरायला दोन कडवी, आल्याला चार, आणि कोणी रडत घरी आलं असेल तर अख्खी कविता. धाकट्या बहिणीची म्हणायची पाळी आली की ती कडवी गिळायची. चहा पाणचट! आजी म्हणायची, "हिच्या कवितेत पान भिजतसुद्धा नाही गं बाई."

येथे अभिमानाने नोंदवतो की, अक्षर न ओळखणाऱ्या त्या बाईला सत्तावीस कविता तोंडपाठ होत्या. मी एक शब्द चुकलो तरी गाळणं हातात धरून ती थांबायची. तसा गुरू मला शाळेतही मिळाला नाही.

४. किटली. आजी गेली त्या आठवड्यात बहीण म्हणाली, "दादा, किटली मला दे ना."

मी म्हणालो, "तुला दोन कडवी तरी धड म्हणता येतात का?"

तिनं झाकण उचलून पिशवीत टाकलं. "ठेव तुझी किटली. बस उकळत!"

त्याला छत्तीस वर्षे झाली. तिने पुन्हा माझा उंबरा ओलांडला नाही, मी तिचा. किटलीवर मी बशी ठेवतो. बशी वाजत नाही.

बोललो ते चुकलो. किटली मी बहिणीला देत आहे. मात्र तिने स्वतः येऊन न्यावी, कोणाला पाठवू नये. माझ्या पश्चात आली तरी चालेल. आधी आली तर... हे कलम येथेच पुरे.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख: नऊ मार्च, सकाळ.
सही: केली आहे, वेलांटीसकट.
साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. सही केली.
साक्षीदार दुसरे: निवृत्त पोस्टमन. येत आहेत.

ता. क. दार वाजलं. शिंपी उघडायला गेले.

"ताई, तुम्ही?"

"पोस्टमन म्हणाले, इथं साक्षीदार हवाय."

"अहो, ज्याच्या नावे काही लिहिलंय, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"माझ्या नावे? यानं?"

तिनं उंबरा ओलांडला. मग तिच्या पिशवीत काहीतरी खळ्ळकन वाजलं.

"चढव किटली, दादा. सावकाश म्हणेन."