जाड सालीचं फळ

फुलपाडा, विरार
६ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. ज्ञानदा हिस,
आईचे भरभरून आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचं कार्ड मिळालं. संत्र्याच्या सालींचं तेल काढून तपासायचा कुणी पगार देतं, हे तुझ्या बाबांना अजून पटत नाही. म्हणतात, मग आपल्या वाडीतल्या साली पण ने म्हणावं.

मी अनुजला किडनी दिली त्याला तीन महिने झाले. माझी जखम भरली, पण जिवाला चैन नाही गं. त्याचं क्रिएटिनिन पुन्हा चढतंय, म्हणजे किडनी रक्त नीट गाळत नाही. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या आहेत, त्यांचं रक्तातलं प्रमाण एका आठवड्यात दुप्पट निघतं, पुढच्या आठवड्यात निम्मं. डॉक्टर त्यालाच बोलले, गोळ्या मनाला येईल तशा घेतोस म्हणून. सूनबाई जागृती बिचारी घड्याळ लावून स्वतःच्या हाताने देते! मला वाटतं, माझीच किडनी कुचकामी निघाली.

पथ्यात काडीची कसर नाही. पाणी उकळलेलं. केळी बंद. जंतू नकोत म्हणून फळ द्यायचं तर जाड सालीचंच, असं डॉक्टरांनी बजावलंय. आता पपनसापेक्षा जाड साल कुणाची? बाबा वसईच्या वाडीतून आणतात तेव्हा रोज एक सोलून देते. आठवडाभर आले नाहीत की तेवढं राहतं. त्याला मळमळतं, म्हणून साल किसून साखरेच्या पाकातही घालते. आणखी काय करू, तूच सांग.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.
तुझी आई,
मीरा

पुणे
९ ऑक्टोबर १९९७

चि. अनुज यास,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्यांच्या फोनवर जागृतीला सांगितलंच आहे: पपनस बंद, आजपासून, पाकातली सालसुद्धा. हे पत्र डॉक्टरांना दाखवायला लिहिते आहे.

या फळांच्या तेलातलं बहुतेक सगळं शरीर एक-दोन दिवसांत मोडून लघवीवाटे टाकून देतं. त्याने काही बिघडत नाही. पण त्यात एक द्रव्य असं असतं, की ते आतड्यातलं औषध मोडणारं विकरच, म्हणजे एन्झाइम, निकामी करतं. एरवी तुझ्या गोळ्यांतलं सायक्लोस्पोरिन बरंचसं तिथेच मोडतं आणि उरलेलं रक्तात जातं. पपनस खाल्लंस की न मोडता जातं, आणि जास्तीचं औषध किडनीलाच जाळतं. मग डॉक्टर डोस कमी करतात, नेमकं तेव्हा वाडीतून फळ येत नाही, औषध अपुरं पडतं आणि शरीर किडनीवर उठतं. परदेशात हे ग्रेपफ्रूटवर सिद्ध झालंय. पपनस त्याच्याच घराण्यातलं. त्याच्या सालीत तेच द्रव्य मी स्वतः पाहिलंय. तरी गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नकोस.

सहा वर्षं मी याच तेलात हात घालून बसले आहे, आणि घरात काय खाता एवढं विचारलं नाही. मला माफ कर रे.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

फुलपाडा
१७ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. मला सॉरी म्हणाले. प्रमाण आता स्थिर आहे, पण किडनीचा तुकडा तपासला त्यात बरीचशी जळालेली निघाली. टिकेलच असं नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. बहर संपला, असं बाबांना सांगायला लावलंय. ती उठता-बसता म्हणते, माझंच दान खोटं निघालं. मला ते ऐकवत नाही. पण खरं सांगितलं तर ती जगेल का? जागृती म्हणते, हेही पापच. इकडे आड, तिकडे विहीर. तू गप्प राहा, एवढं माझ्यासाठी कर.

असाच जीव लावत राहा.
तुझा,
अनुज

फुलपाडा
९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. ज्ञानदा हिस,
अनेक आशीर्वाद.

किडनी बंद पडली. सोमवारपासून अनुज पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर आहे, आठवड्यातून दोनदा. परवा दवाखान्यात नर्सने खिडकीवर द्यायला म्हणून फाइल माझ्या हातात दिली. तुझं अक्षर दिसलं, म्हणून तिथेच बाकावर बसून सगळं वाचलं. मला कळलंय, हे अनुजला कळू देऊ नकोस. माझ्यासमोर हसतो बिचारा, तेवढं त्याला राहू दे.

मग मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, दुसरी आहे, तीही काढा. ते म्हणाले, मावशी, मग तुम्ही कशा जगाल? मी म्हटलं, त्याच्या जागी मशीनवर मी बसेन. मला कुठे कामावर जायचंय? ते म्हणाले, असं कुठेच करत नाहीत.

तुझ्यावर माझा राग नाही. तू शिकलेली आहेस, मोठमोठी पुस्तकं वाचतेस. जगात कुठे असं करतात का, तेवढं शोध आणि उलट टपाली कळव.

तुझी,
आई